मामांची अर्धी जपमाळ

अर्धा रस्ता झाला तरी मामांचं प्रवचन काही संपेना. चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, आटोपून आम्ही दोघंच पायी निघालो होतो. बस समोरून गेली, तरी मामांनी हात केला नाही. "चालू या गं, तब्येतीला बरं," म्हणाले. गुडघेदुखीचा माणूस असं म्हणतो तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे मला कळायला हवं होतं.

मामा शिंपी. दुकानात मापं घेता घेता गिऱ्हाइकाला विचारणार, "घरी रोज रोझरीची जपमाळ होते ना?" हो म्हणेपर्यंत फीत गळ्याभोवतीच. फादरही त्यांना कुटुंब-प्रार्थनेवर बोलायला उभं करायचे.

"आणि तुमच्या घरी?" मी सहज विचारलं. मामीला जाऊन काही महिने झाले होते.

"आमच्याकडे टीव्ही बोलतो. सूनबाईंची कृपा!"

"मी सांगू का वहिनीला?"

मामा एकदम थांबले. "नको. तिनं परवा बंद केला."

"मग चांगलंच झालं की!"

"कसलं चांगलं! मेणबत्ती लावली, पोरांना बसवलं, नवऱ्याचा मोबाइल काढून घेतला आणि म्हणाली, बाबा, करा सुरू."

"मग?"

"मग काय, मी म्हणालो, हे पवित्र मरिये."

मला आधी कळलंच नाही. ते तर बाकीच्यांनी मागून द्यायचं उत्तर. त्याच्या आधी एकानं 'नमो मरिये' हा पहिला भाग म्हणायचा असतो, आणि तो त्या घरात कायम मामी म्हणायची. मामा कोपऱ्यात काजं करत, ओठांत टाचण्या धरून मागून पुटपुटायचे. चर्चमध्येही सुरुवात दुसऱ्याचीच. जन्मभर रोज प्रार्थना केली, पण अर्धीच.

"ऐकताना सगळं येतं गं. म्हणायला गेलो की जीभ थेट उत्तरावर."

"मग वहिनीला काय सांगितलंत?"

"घसा बसलाय म्हणालो. तेव्हापासून मिठाच्या गुळण्या चालू आहेत. सून बिचारी पाणी गरम करून देते."

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत.

"उद्या ती परत बसवणार आहे सगळ्यांना. उद्याही जमलं नाही, तर पोरं पुन्हा बसायची नाहीत. तुझ्या मामीनं मांडलेलं माझ्या हातून मोडेल."

"पुस्तकातून वाचा ना."

"मी? सुनेसमोर? जगाला पाठ करायला सांगणारा मी!"

मग गळ्यातली माळ शर्टातून बाहेर काढून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"घर येईपर्यंत तू पहिला भाग म्हण, मी तुझ्यामागून तोच म्हणतो. उत्तर द्यायला लागलो तर चिमटा काढ. पण हळू म्हण हं पोरी, या गल्लीतले सगळे मला ओळखतात."