सगळ्यांच्या नावापुढे भास्करचा नंबर

भास्कर गेल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. सकाळी चहा घेताना स्क्रीनवर त्याचं नाव आलं, मी सवयीने "बोल बे" म्हणालो, तर पलीकडे वहिनी. "भाऊजी, हे गेले हो... झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता दीड महिना होत आला. मी अजून नीट रडलेलोही नाही. कामंच इतकी मागे ठेवून गेला तो.

भास्कर पवनारचा, माझा जुना मित्र. उभी हयात टेलिफोन खात्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नादी लागतात, हा इंटरनेटच्या लागला. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी टिंब देऊन जो शब्द येतो, तसा एक नवा शब्द तेव्हा निघाला होता, खास संपर्कासाठी. आपल्या नावाचा पत्ता घ्यायचा, त्याच्या पानावर फोन, गाव, घर लिहून ठेवायचं. नंबर बदलला की पानावर बदलायचा, पत्ता तोच. शुभारंभाचा कार्यक्रम नागपूरला होता, तिथे हा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसून आला. मग पार अल्लीपूरपर्यंत मोटारसायकलवर फिरून पंचवीसेक लोकांची पानं काढून दिली. मी नालवाडीत घरी बसून चेष्टा करायचो, "अबे, यायले शोधते कोन?" तो शांतपणे म्हणायचा, "नंबर बदलला तरी मानूस सापडला पाह्यजे."

वर्षभराने मी सहज ती पानं उघडली, तर प्रत्येक नावाखाली भास्करचाच नंबर. "काऊन बे, सगळ्यायले तुहाच नंबर?" मी विचारलं. "लोकं दर महिन्याले सिम बदलून राह्यले. मले कुठं बदलाचा आहे? फोन आला का मी निरोप देतो." म्हणजे निवृत्तीनंतरही गडी घरबसल्या एक्स्चेंज चालवत होता. मी पोट धरून हसलो. आता त्या हसण्याचा राग येतो, आणि भास्करचाही.

कारण तो गेल्यावरही फोन येतच राहिले. दर वेळी कुणी "भास्करभाऊ आहेत का?" विचारायचं आणि वहिनींना नवरा गेल्याचं पुन्हा सांगावं लागायचं. तेराव्यानंतर त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा नंबर बंद करा. माह्यानं नाई होत आता."

त्याच्या वहीतले पासवर्ड घेऊन मी एकेक पान दुरुस्त करायला बसलो. गावोगाव जाऊन लोकांचे खरे नंबर आणले. फार थकलो. शेवटी राहिल्या अल्लीपूरच्या कौसल्याबाई. त्यांच्याकडे फोनच नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा भांडून सुरतेला निघाला, तेव्हा भास्करने बसमध्ये चढून पत्त्याची चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली होती... आईशी कधी बोलावंसं वाटलं तर या पानावर नंबर सापडेल म्हणून. त्याचा फोन आजवर आलेला नाही. माझं सगळं ऐकून घेऊन बाईंनी एकच विचारलं, "आता पोराचा फोन आला त कोन घेईन, भाऊ?" तिथेच ओट्यावर बसून मी त्यांच्या पानावर माझा नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी भास्करचा बंद केला.

अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा माझा जुना नियम. आता उचलतो, अंघोळ अर्धवट सोडूनसुद्धा. परवा दुपारी असाच वाजला. पलीकडून कुणी बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "तुही माय बरी आहे, बाबू. वाट पाहून राह्यली." "सर, मी विमा कंपनीतून..." कुणी मुलगी होती. पुढे विम्याचं काहीच न बोलता तिने फोन ठेवला.