भिंगार रस्त्यावरचा झेंडेवाला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भिंगारचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, तेव्हा काही कारण नसताना मी स्कूटरवरून तिथे चकरा मारायचो. एकेरी वाहतुकीपाशी हिरवा झेंडा घेऊन एक माणूस नाचायचा, त्याच्यासाठी. प्रत्येक गाडीची तो वरात काढायचा. उसाच्या ट्रॉलीला म्हणायचा, "या, नवरीबाई!" आणि मला, पन्नाशीच्या अबोल माणसाला, "चला नवरदेव, घोडी लई दमली हाय!" मी हेल्मेटच्या आत खदखदून हसायचो.

एकदा कामावरच्या साहेबांनी मलाच विचारलं, "याच्या नाचण्यानं खोळंबा होतो का हो?"

आपलं हसू पकडलं गेलं असं वाटून मी म्हणालो, "होतो थोडा."

दुसऱ्या दिवशी झेंडा भलत्याच्याच हातात होता आणि हा भर उन्हात खडीची घमेली वाहत होता. मला पाहून ओरडला, "नवरदेव, हितं तर लईच भारी! खडी करकर वाजती, नाचायला आयता ठेका!" आणि डोक्यावरच्या घमेल्यासकट नाचलासुद्धा. मी पोट धरून हसलो आणि निघून आलो.

खोळंबा कधीच होत नव्हता, हे साहेबांना सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.