बाळांच्या दारातल्या मावशी

कराडच्या आमच्या हॉस्पिटलात बाळांच्या खोलीबाहेर एक मावशी बसतात. धुतलेल्या हातांना साबणाचा वास आला तरच आत सोडतात. फ्लूची लस आली तेव्हा आम्हा स्टाफकडे ती टाळायच्या कारणांना तोटा नव्हता. मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी दारातच अडवलं.

“आवं सायेब, लस घेतली का?”

“मला काय होतंय, मावशी? वीस वर्षं पेशंटमध्येच आहे.”

“तुमाला न्हाई हुणार. आतलं पोरगं दीड किलोचं हाय, त्येचं काय?”

डॉक्टर हसले. मावशी हसल्या नाहीत, दारातून हलल्याही नाहीत. शेवटी डॉक्टर मुकाट्याने लस घ्यायला जिना उतरले.

त्यांच्यामागे रक्त तपासणीचा ट्रे घेऊन मी उभा होतो. मावशींनी तोंड उघडायच्या आत मीही जिन्याकडे वळलो.