गवत धरेपर्यंत

आत्या गेल्याचं मला बसस्टॉपवर कळलं. मी कॉलेजातून परतत होते. शेजारच्या गौरम्मा तिथे नुसत्याच उभ्या होत्या. "पुट्टी, आधी घरी चल," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला.

आत्या मूळची धारवाडची. तरुणपणीच विधवा झाली आणि मग कधी या, कधी त्या नातेवाइकाकडे राहिली. बंगळुरात बनशंकरीला आमचं घर झालं तेव्हा बाबांनी मागची खोली तिला दिली. तिची स्वतःची अशी पहिली खोली. खिडकीखालून तांबड्या मातीचा उघडा उतार थेट खालच्या रस्त्यापर्यंत जात होता, आणि प्रत्येक पावसात त्यातली थोडी माती रस्त्यावर येत होती. खोलीचा पाया उघडा पडू लागला, तेव्हा बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी दगडी भिंत बांधू. आत्याने उतारावर आडव्या ओळींत हरळी लावली, मधे नाचणी पेरली, वर पेंढा पसरला आणि उसवलेली गोणपाटं बांबूच्या खुंट्यांनी ठोकून बसवली. ओळी सरळ याव्यात म्हणून मी दोरी धरायचे. शाळेत इंग्रजी, बाहेर कन्नड. दिवसभरात मराठी बोलायला मला आत्याच होती, तरी आम्ही फारसं बोलत नसू. मला ते बरं वाटायचं.

राहून गेलेल्या वास्तुशांतीच्या सकाळी बाबा म्हणाले, "अक्का, ऑफिसातली माणसं येणार. हे उकिरड्यासारखं दिसतंय."

"माणसं घर बघायला येणार, का गोणपाट? मुळं धरेपर्यंत स्वल्प दम धर की."

"हिरवं झालंय की सगळं!"

ती नुसती नाचणी होती, हरळीने अजून मूळ धरलं नव्हतं. बाबांनी गोणपाटं काढवली. दुपारी पंगत बसली आणि पाऊस कोसळला. कोंब, पेंढा, माती सगळं खाली गेलं. खोलीच्या पायाचे दगड दिसू लागले. आत्या पदर खोचून बाहेर गेली आणि भर पावसात पुन्हा गोणपाटं अंथरू लागली. बाबा सोवळ्यातच पानावरून उठले, तिच्यामागे गोणपाटांवर दगड ठेवत गेले.

"मुकटा भिजतोय रे, आत जा."

बाबा गेले नाहीत.

पुढे हरळी धरली. भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही. पण उतारावर आत्याने कुणाला पाय ठेवू दिला नाही. दूधवाला असो की बाबांचे साहेब, खिडकीतून हाक यायची, "वळसा घालून या हो!" आम्ही हसायचो...

आत्या गेली त्या दिवशी खांदेकरी जवळची वाट म्हणून उताराकडेच वळले. पुढे मडकं धरून बाबा अनवाणी चालत होते. ते थांबले. मागे न बघता हळूच म्हणाले, "वळसा घालून या."

सगळे वळसा घालून गेले.

काल तिच्या खिडकीखाली, कडेला बसून मी गवत बाजूला केलं. मुळांत गोणपाटाचा एक काळपट धागा दिसला. ओढून पाहिला. आला नाही.