गळ्यातली पाटी

गुरुजींनी माझीच पाटी माझ्या गळ्यात बांधली. सुतळीनं. वर लिहिलं, चुगलखोर. मग मला वर्गाच्या दारात उभं केलं, तोंड पोरांकडं करून. तिसरीत व्हते मी. देवगाव रंगारीची शाळा.

गुन्हा काय माझा? धाकटी बहीण शकू, पहिलीतली. तहान लागली म्हणून तिनं शाळेच्या माठाला हात लावला. आमच्या वस्तीच्या पोरांनी माठाला शिवायचं नाय, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. पाटलाच्या पोरानं तिला मागच्या जळणाच्या खोलीत कोंडलं आन बाहेरून कडी घातली. मी पळत जाऊन गुरुजींना सांगितलं. त्यांचा नेम असा, की तक्रार घेऊन येईल त्यालाच पहिली छडी. मला छडी बी मिळाली आन पाटी बी.

"पाटलाच्या घरावर बोट दाखवती? लई शहाणी झाली का गं?"

शकूच्या हाका वर्गात ऐकू येत व्हत्या. सगळ्यांना ठाऊक व्हतं ती कुठं हाय. एक पोरगं उठलं नाय. छडी कुणाला पायजे? मग हाका थांबल्या.

शाळा सुटल्यावर मीच कडी काढली. जळणातला इंचू तिला चावला व्हता. मायनं तिला कडेवर घेऊन कन्नडचा दवाखाना गाठला. वाचली. पण दार लावलं की किंचाळायची, लग्न होईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "सगळ्यांसमोर म्हण, मी खोटं बोलले."

कालची छडी आठवली. पण राग भीतीपेक्षा मोठा व्हता. म्हणलं, "शकू आत व्हती. मी सांगितलं. उद्या बी सांगीन."

हात सुजले. शब्द फिरवला नाय.

आज मी हर्सूलला अंगणवाडी चालवते. पोरांना पहिला धडा हाच. खडू ओढला, जीभ दाखवली, तर तुमचं तुम्ही मिटवा. पण कुणाला कोंडलं, कुणाला लागलं, कुणी नको तिथं हात लावला, तर हातातला घास टाकून पळत या. मी नाय ऐकलं तर मदतनीस ताईला सांगा. तिनं नाय ऐकलं तर घरी सांगा. कुणीतरी ऐकस्तोवर सांगत ऱ्हा.

परवा चार वर्षांची आलिया पळत आली. "बाई, पिंट्या रोता. उसका मामा चटका देता."

पिंट्याची बाही वर केली. विडीचे डाग. मी त्याच दिवशी पोलिसात तक्रारीचा अर्ज दिला, खाली माझी सही.

मामा वस्तीतला पुढारी. काल दारात उभा राहिला. "बाई, पोरांना घरच्या चुगल्या करायला शिकवता व्हय? कोण बोललं त्या पोराचं नाव सांगा. नायतर नोकरी गेली समजा."

आलिया माझ्या पदराआड व्हती.

"मी बोलले," म्हणलं. "माझं नाव अर्जावर हाय, वाचून घ्या. नोकरी जाऊ द्या. या दारात आता कुण्या लेकराच्या गळ्यात पाटी पडणार नाय."