गाळणीला लागलेला पाक

बाबा रक्ताच्या तपासणीचा अभ्यास करतात. आठवडाभर आधी कारल्याचा रस, रात्री नुसतं ताक, पहाटे गोदाघाटावर चालणं. मग उपाशीपोटीची शुगर शहाण्या मुलासारखी नॉर्मल येते. निकाल लागला की रविवारी ते पंचवटीत भाजी आणायला जातात आणि येताना मिसळ, वर जिलबी. आईला हे माहीत नाही, असं फक्त त्यांनाच वाटतं.

या वेळी डॉक्टर नव्या होत्या. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावली आणि लघवीचीही.

"काका, उपाशीपोटीची छान आहे. सरासरी मात्र नाही. आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलंय, म्हणजे किडनीला त्रास सुरू झालाय. गोळी देते, ती किडनीवरचा ताण कमी करेल. पण साखर तुम्हीच आवरायची."

"हा पेपर सिलॅबसबाहेरचा होता," बाबा पुटपुटले.

माझं शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं, म्हणून समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते सगळं इंग्रजीत येतं आणि कुणासमोर बोलायचं म्हटलं की कुठल्याच भाषेत येत नाही. म्हणून घरी मी बोलण्याऐवजी किडनीची गाळणी साखरेने कशी खराब होते ते करून दाखवायचं ठरवलं. बाबांनी निकालाआधीच आणून तांदळाच्या डब्यामागे लपवलेली जिलबीची पुडी मी काढली आणि तिचा पाक चहाच्या गाळणीला चोपडून ठेवला.

सकाळी बाबांना गाळणी दाखवून "ही तुमची किडनी" एवढंच म्हटलं. आईने तिच्यातून त्यांचा बिनसाखरेचा चहा गाळला, तर पाक विरघळून गाळणी मोकळी.

"बघ, धुऊन निघाली!" बाबा खूश. "किडनीचंही असंच असणार."

आता बोलणं भाग होतं. "नाही बाबा. शरीरात साखर प्रोटीनला चिकटते ती पक्की. रक्तातलं प्रोटीन जुनं होऊन जाईपर्यंत तुमच्या जिलब्या धरून बसतं, म्हणून तर नव्या तपासणीत मागच्या तीन महिन्यांचं सगळं कळतं. किडनीच्या गाळणीलाही ती तशीच चिकटते. गाळणी कडक होते, मग गळायला लागते."

"मग नवी बसवायची."

"ही भांड्यांच्या दुकानात मिळत नाही."

बाबांनी गोड झालेला चहा अर्ध्यावरच खाली ठेवला. आईने कप उचलून मोरीत ओतला.

रविवारी ते भाजी घेऊन आले तेव्हा आईने त्यांची बोटं हुंगली. मेथीचा वास.

"अहो, खिसा?"

खिशातून भाजीवालीने वर दिलेला कढीपत्ता निघाला.

"सुधारलात हो," आई म्हणाली.

मी कॅलेंडरवर पुढच्या तपासणीची खूण केली. मला तीन महिन्यांनी कळेलच.