लग्नघरातली उलटी मोजणी

एक चोरी मी अनेक वर्षे लपवली. ऐंशीच्या दशकात सातिवलीच्या कारखान्यात आम्हा सुपरवायझरांना प्रकल्प आखायला शिकवत असत. नव्या शेडचे वेळापत्रक मी शेवटच्या दिवसापासून मागे मोजत मांडले. मास्तर खूश झाले, पुढे बढतीही मिळाली. ती रीत मात्र पापडी गावातल्या आमच्या शेजारकाकांची होती. गावातली लग्ने ते तशीच आखत: आधी जेवण वाढण्याची वेळ ठरवायची, मग चूल पेटवण्याची, मग मांडवाची. वर्गात मी त्यांचे नाव घेतले नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीच्या लग्नाचा मांडव हसतखेळत घालताना मी हे सगळ्यांसमोर सांगितले.

"मग त्या मास्तरला जेवायला का नाही आणलंस रे?" काका हसले.

मी हात जोडले. "काका, श्रेय तुमचं होतं, मी ते घेतलं. मला माफ करा."